सुनेनं मला उभं राहायला शिकवलं

मुलाच्या लग्नाचा अल्बम फोटोवाल्यानं घरी आणून दिला, त्या दुपारी आम्ही चौघं तो मधे घेऊन बसलो होतो. मुलगा पानं उलटत होता, नवी सून त्याच्या शेजारी, आमचे हे खुर्चीत. हळदीचा फोटो, अक्षतांचा फोटो, विहिणींच्या गळाभेटीचा फोटो. जवळजवळ प्रत्येक फोटोत मी होते आणि प्रत्येक फोटोत मी खाली बघत होते. आधी वाटलं, फोटोवाल्यानं नेमका नको तो क्षण पकडला. पण पानापानावर कसा नको तो क्षण सापडेल? मी खाली बघत नव्हते, माझी मानच तशी झाली होती. खांदे पुढं आलेले, पाठीला पोक, हनुवटी कासवासारखी बाहेर.

"तुझं मांडवात काय हरवलं होतं गं?" हे म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. सून तेवढी हसली नाही. तिनं पान उलटलं आणि सासरच्या माणसांची नावं विचारायला लागली.

जिंतूरला आमचं छोटं घर आहे. हे एसटीत चालक होते, आता निवृत्त आहेत. मुलगा वीज कंपनीत आहे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी ब्लाऊज शिवते. मशीनवर वाकायचं, सुईच्या टोकाकडं बघायचं, मांडीवर कापड घेऊन हूक लावायचे. असं करत पोरगं मोठं झालं.

शिवणाऱ्या बाईला लोकांच्या पाठी पाठ असतात. गल्लीतली बाई तोंड वळवून उभी असली तरी मी तिला ओळखते. कुणाचा उजवा खांदा पडलेला, कुणाची पाठ रुंद, कुणाला गळा मागून खोल चालत नाही. स्वतःच्या पाठीचं मात्र मला ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतंही. स्वतःचा ब्लाऊज बेतताना मी मागचा भाग जरा लांब आणि पुढचा जरा आखूड कापायचे, नाहीतर तो मागून वर चढायचा आणि पुढं चुण्या पडायच्या. ते 'जरा' वर्षागणिक वाढत गेलं. माझी कात्री सवयीनं चालायची, आणि मी दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत असायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शिलाईची घाई होती. एका सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडं नळ रोज येत नाही, आला की सगळं घर भरून घ्यायला धावतं. मी मशीनवरून उठले, तशीच गेले आणि भरलेली घागर उचलायला वाकले. कमरेत कुणीतरी खिळा ठोकावा तसं झालं. घागर हातातून सुटली, आणि मी वाकलेली ती वाकलेलीच राहिले. सरळही होता येईना, बसताही येईना. सून स्वयंपाकघरातून पळत आली आणि तिनं मला काखेत धरून अलगद आडवं केलं. तिच्या हातांत किती ताकद आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण दुखण्यात ते मनात राहिलं नाही.

परभणीला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्सरे काढला. ते म्हणाले, हाडं ठीक आहेत, स्नायू कमजोर झालेत. थोडे दिवस पट्टा बांधा, जड उचलू नका, दुखणं ओसरलं की परत या, मग व्यायाम सुरू करू. मी त्यातलं 'उचलू नका' तेवढं घरी घेऊन आले. दुखणं ओसरलं, तरी पट्टा सुटला नाही. घागर उचलायची नाही, पीठ मळायचं नाही, खाली बसायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "डॉक्टरनी सांगितलंय." खरं म्हणजे मला भीती बसली होती. तो खिळा पुन्हा ठोकला जाईल, याची. मशीनवर मात्र बसायचेच, कारण बसण्यात कष्ट कुठले असतात, असं मला वाटायचं.

संक्रांतीला शेजारच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेलो, मी आणि सून. सतरंजीवर बायका गोल करून बसल्या होत्या. मीही भिंतीला हात लावून कशीबशी बसले. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, आणि उठायची वेळ आली तेव्हा मला उठताच येईना. गुडघ्यावर हात दाबला, जमिनीवर तळवा टेकवला, तरी अंग वर येईना. शेवटी दोघी बायकांनी काखेत हात घालून मला ओढून उभं केलं. त्यातली एक माझ्यापेक्षा वयानं मोठी होती. "असू द्या, वय झाल्यावर असंच असतंय," ती मायेनं म्हणाली. मी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती.

आम्ही घरी आलो. चपला काढल्यावर सून म्हणाली, "आत्या, एक बोलू का? राग न्हाई ना येणार?"

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मी म्हटलं, "बोल की."

"तुमी म्हाताऱ्या न्हाई झालाव. तुमची ताकद गेलीय फक्त. वय परत आणता येत न्हाई, ताकद आणता येती."

ही पोखर्णीजवळच्या एका खेड्यातली पोर. परभणीला कॉलेजात असताना ती वजन उचलायच्या खेळात होती, हे सोयरीक जुळवताना कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही 'खेळात होती' एवढंच ऐकलं आणि पुढं स्वयंपाक येतो का, ते विचारलं. तिच्या पेटीत पदकं होती. घरात कुणी बघायला मागितली नव्हती, म्हणून तिनं दाखवलीही नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात ती मला घेऊन परत परभणीला गेली, कारण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती काही सुरू करणार नव्हती. डॉक्टरांनी फिजिओथेरपीच्या मॅडमकडं पाठवलं. त्यांनी मला वाकवलं, वळवलं, पाय उचलायला लावले. सून एकेक गोष्ट विचारत होती. हे चालेल का, ते कधी सुरू करू, कुठं दुखलं तर थांबवू. मॅडम हसून म्हणाल्या, "मावशी, तुमची शिकवणारी तर घरातच आहे. आता तो पट्टा सोडा." बसमधून येताना मी पट्टा पिशवीत ठेवला. जिंतूर येईपर्यंत मला उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

आमची शिकवणी गच्चीवर सुरू झाली, सकाळी, ऊन कोवळं असताना. पहिल्या दिवशी तिनं मला जिन्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं.

"टाचा भिंतीला लावा. आता कंबर. आता पाठ. आता डोकं टेकवा."

डोकं टेकेना. भिंत माझ्या मागंच होती, आणि माझं डोकं काही केल्या तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी मान मागं टाकून आभाळाकडं बघायला लागले.

"तसं न्हाई. आभाळ न्हाई बघायचं, समोर बघायचं. कुणी वंगाळ बोललं की आपण कसं मान मागं घेतो? तशी हनुवटी आत घ्या. हां, बास. जोर न्हाई लावायचा. जेवढी गेली तेवढी गेली."

मी तिथं उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखत नव्हतं. नुसतं नीट उभं राहण्याचंही शिक्षण घ्यावं लागावं, याचं वाईट वाटलं. सुनेनं ते पाहिलं. ती माझ्याशेजारी येऊन तशीच भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मलाबी कॉलेजात पहिल्या दिवशी खेळाच्या मॅडमनी हेच करायला लावलं होतं. मला वाटलं, मी वजन उचलायला आलेय, ह्या मला भिंतीला काय लावायल्यात!"

ताठ उभं राहायचं म्हणजे मी छाती पुढं काढायचे आणि श्वास कोंडून ठेवायचे, झेंडावंदनाला उभं राहिल्यासारखी. ती म्हणायची, असं कोण दिवसभर राहील? मग एकदा तिनं विचारलं, "तुमी डोक्यावर घागर घेऊन चालायच्या का कधी?"

"माहेरी विहिरीवरून पाणी मीच तर आणायचे."

"मग आता डोक्यावर घागर हाय असं समजून चाला."

मी गच्चीवर चालले. आपोआप मान उंच झाली, खांदे खाली गेले, पाऊल सावकाश पडायला लागलं. अंगाला ते ठाऊक होतं. मधल्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. त्या दिवशी मी जिना उतरताना कठडा न धरता उतरले, आणि खाली आल्यावर माझ्या ते लक्षात आलं.

मग खुर्ची आली. खुर्चीत बसायचं आणि हात न लावता उठायचं. उठताना श्वास सोडायचा. पहिल्यांदा खुर्चीवर उशी ठेवून ती उंच केली, मग उशी काढली. मग भिंतीवर तळवे टेकवून भिंतीला रेटायचं, कोपरांत वाकून, अंग फळीसारखं ठेवून. किती वेळा करायचं, हे मी सारखं विचारायचे. ती म्हणायची, "मोजू नका. अजून दोनचार जमतील असं वाटायलंय तवाच थांबायचं. जीव जाईस्तोवर करायचं न्हाई. आन एक दिवस केलं की एक दिवस आराम. आरामातच ताकद वाढती." मला ते पटायला वेळ लागला. कामातून जमेल तेवढं पिळून घ्यायचं, हेच मला शिकवलं गेलं होतं. उद्यासाठी अंगात थोडं शिल्लक ठेवायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

साडीत हे जमेना. मग मी स्वतःसाठी सलवार कुर्ता शिवला. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, आणि स्वतःला सलवार शिवायला लाज वाटत होती. ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आता कॉलेजात नाव घालायचं राहिलं." पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मला उठवायला आले, "जा, तुझ्या मास्तरीणबाई वर वाट बघायल्यात."

गच्ची उघडी असल्यामुळं गल्लीला सगळं दिसत होतं. ब्लाऊज टाकायला आलेली एक बाई मला हळूच म्हणाली, "काय ओ, सून तुमाला उठाबशा काढायला लावायली म्हणं? काय चुकलं तुमचं?" तिचा चेहरा इतका काळजीचा होता, की मला हसू आवरेना. शाळेत उठाबशा ही शिक्षाच असते. सून सासूला शिक्षा करते, अशी बातमी गल्लीत फिरत होती. मी तिला म्हटलं, "तुझ्या सुनेनं दिली तर तूबी ही शिक्षा घे." ती बाई पुढं काही महिन्यांनी खरंच गच्चीवर आली, पण ती गोष्ट वेगळी.

सगळं सरळ झालं असं नाही. होळीच्या सुमारास गॅसवाला भरलेला सिलिंडर फाटकात ठेवून गेला. घरात मी एकटीच होते. मला वाटलं, आता आपल्याला येतंय की. मी तो उचलायला गेले. अंगापासून लांब धरला, कमरेतून वाकले, आणि वर उचलताना घराकडं वळले. पुन्हा उसण भरली. पहिल्याइतकी नाही, पण मी अंथरुणावर पडले आणि म्हटलं, संपलं. सून घरी आल्यावर तिला पट्टा शोधायला सांगितलं.

सून पट्टा घेऊन आली नाही. गरम पाण्याची पिशवी घेऊन आली.

"बोला, कसं दुखायलंय? ठणकायलंय, का चमक मारायलीय? पायात उतरायलंय का?"

"पायात नाही. नुसतं आखडलंय."

"मग घाबरू नका. पायात मुंग्या आल्या, बधिर झालं, तर लगीच दवाखान्यात जायचं. हे तसं न्हाई. हे चार दिसांत उतरंल. पर नुसतं पडून राहू नका, घरातल्या घरात फिरा."

तसंच झालं. दुखणं उतरलं. आणि त्या आठवड्यात ती मला वाकायला शिकवायला लागली, कारण ते अजून शिकवलंच नव्हतं. ह्यांची काठी तिनं माझ्या पाठीवर उभी धरली. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्हीकडं काठी टेकलेली पाहिजे. आता वाका, पण काठी सुटता कामा नये. मी वाकले की काठी सुटायची. कमरेतून नाही वाकायचं, ती सांगायची, खुब्यातून वाकायचं. दोन्ही हातांत सामान आहे आणि कुल्ल्यानं दार ढकलायचंय, तसं मागं जायचं, गुडघे थोडे सैल. हे मात्र मला लगेच कळलं. कुठल्या बाईनं कुल्ल्यानं दार ढकललेलं नसतं?

मग बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत तिनं थोडी वाळू भरली. ती जमिनीवरून उचलायची, अंगाला चिकटवून, श्वास सोडत. वळायचं असेल तर पाय वळवायचे, कंबर नाही. पेललं की काही दिवसांनी अजून थोडी वाळू. एका सकाळी ती पिशवी छातीशी धरून मी उभी होते आणि सहज विचारलं, "पोरी, तुला एवढी आवड कशी लागली गं याची?"

ती पिशवीकडं बघत म्हणाली, "आई उचलायची म्हणून."

तिचे आईबाप दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हे आम्हाला माहीत होतं. तेवढंच माहीत होतं. त्या दिवशी तिनं सांगितलं. लहानपणी तीही त्यांच्याबरोबर फडात असायची. ट्रकला फळी लावलेली असते, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन तिची आई त्या फळीवरून वर चढायची. खाली उभी राहून ही बघायची. पुढं शिकायला म्हणून तिला गावात आजीजवळ ठेवलं. कॉलेजात खेळाच्या मॅडमनी पहिल्यांदा तिच्यासमोर वजन ठेवलं आणि म्हणाल्या, भिऊ नको, आधी पाय नीट रोव. तेव्हा तिला आईची ती फळी आठवली.

"आत्या, आई माझ्यापेक्षा किती तरी जास्त उचलती. मला उचलल्यावर पदक मिळालं. मॅडम मला म्हणायच्या, आता बस, आता पाणी पी, आता उद्या यायचं न्हाई, आराम कर. आईला आजपर्यंत कुणी 'आता बस' म्हणलं न्हाई. मी सुट्टीत तिला म्हणायची, आई, इथं भिंतीला उभी राहा, असं कर. ती म्हणायची, मला कुठं येळ हाय गं. सासरी आले, तुमी मशीनवर तशाच वाकलेल्या. तुमाला तरी म्हणता येईल का, असं वाटायचं. लय दिवस म्हणायची हिंमत झाली न्हाई."

मी पिशवी खाली ठेवली, तिनं शिकवलं होतं तशी, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. जे आईला द्यायचं होतं आणि देता आलं नाही, ते ती मला देत होती. मी मात्र इतके दिवस ते सुनेचं कर्तव्य म्हणून घेत होते. त्या दिवसापासून मी एकही सकाळ चुकवली नाही, म्हणजे आरामाची सोडून.

तिनं माझं मशीनही बदललं. बदललं म्हणजे उंच केलं. माझ्या शेजारी बसून तिनं बघितलं आणि ह्यांना म्हणाली, "मामा, आत्या कापडाकडं जायल्यात. कापड आत्यांकडं यायला पाहिजे." ह्यांनी बाभळीचे ठोकळे घासून मशीनच्या पायांखाली बसवले, खुर्चीलाही थोडे बुटके बसवले, आणि दिवा डाव्या बाजूला खाली घेतला. एक ब्लाऊज झाला की उठायचं, दारापर्यंत जाऊन यायचं, हा नियम. ह्यांना एसटीत तासन्‌तास बसून कमरेचं दुखणं होतंच. ते काही बोलले नाहीत, पण मी दारापर्यंत जायला उठले की तेही पेपर खाली ठेवून माझ्यामागं दारापर्यंत यायला लागले. नवराबायको सारखी दारात येऊन रस्ता बघून परत का जातात, याचाही गल्लीनं काहीतरी अर्थ काढला असेल.

पुढच्या दसऱ्याला मी स्वतःसाठी नवीन ब्लाऊज बेतला, नेहमीच्या मापानं. घातला तर मागं पाठीत झोळ! मी आरशासमोर वळून वळून बघितलं. कापण्यात चूक नव्हती. माझी पाठ आता तेवढं कापड मागत नव्हती. मी उसवायला बसले आणि उसवता उसवता सुनेला हाक मारली. तिनं झोळात बोट घालून बघितलं आणि अशी हसली, की स्वतःच्या पोटाला हात लावून खाली बसली. तेव्हा तिला दिवस गेलेले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, अशी रीत. पण तिचे दिवस भरणार होते ते पौषात, आणि त्या वेळी तिचं माहेर तिकडं कारखान्याच्या फडात होतं. गावाकडच्या घराला कुलूप. मी आधीच सांगून टाकलं, बाळंतपण इथंच होईल, आणि मी करीन. वर्षभरापूर्वी असं म्हणायची माझी टाप नव्हती.

परभणीला दवाखान्यात तिचं ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स म्हणाली, आता हिला उठवून चालवायचंय. मुलगा खाली औषधं आणायला गेला होता. सून पलंगावर पांढरीफटक पडली होती. जिनं मला काखेत धरून अलगद आडवं केलं होतं, तिला आता कुशीवर वळताना रडू येत होतं.

"आत्या, न्हाई जमायचं."

"जमंल. एकदम उठू नको. आधी कुशीवर वळ. हां. आता पाय खाली सोड. हातानं गादीला रेट. श्वास कोंडू नको, सोड. सोड."

मी तिचेच शब्द तिला देत होते. तिनं दोन्ही हात माझ्या खांद्यावर टाकले. मी पाय रोवले, गुडघे सैल ठेवले, तिला अंगाशी घेतलं आणि आम्ही दोघी मिळून उभ्या राहिलो. तिचा सगळा भार माझ्यावर आला, आणि मी हलले नाही. ती माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून थोडा वेळ तशीच थांबली. मग म्हणाली, "लय घट्ट उभ्या हाव तुमी."

मी आयुष्यात पुष्कळ कौतुकं ऐकली, ती बहुतेक शिलाईची. पण या वाक्याला माझ्याकडं तोड नाही.

फडातून तिच्या आईचा फोन यायचा. फोनच्या पडद्यावर मागं ऊस, पुढं तिचा घामेजलेला चेहरा. ती नातीला बघायची, मुलीला बघायची, आणि मला हात जोडायची. "ईनबाई, माझं काम तुमी करायलाव," असं म्हणायची. मी म्हणायचे, आधी या तर खरं.

हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आसपास, ती आली. जिंतूरच्या स्टँडवरून चालतच आली. डोक्यावर गाठोडं, हातात नातीसाठी झबलं. गाठोडं उतरवताना तिनं ओठ आवळले, ते मी पाहिलं. पाठी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. जेवणं झाली, बाळ तिच्या मांडीवर झोपलं. सुनेनं मग अलगद विषय काढला, की आत्यांनी एवढं केलं, आई, तूबी कर.

तिची आई हसली. "मला काय व्यायाम सांगतीस गं? मी दिवसभर उचलतेच की."

मला वाटलं, खरंच आहे. हिच्यासमोर मी वाळूच्या पिशवीच्या काय गोष्टी सांगू? या बाईला ताकद वाढवायची गरज नव्हती. मग परभणीच्या मॅडमनी मला दाखवलेलं एक आठवलं, कंबर फार आखडली तर करायचं म्हणून. मी म्हटलं, "ईनबाई, उचलायचं काही सांगत नाही. नुसतं आडवं व्हायचं सांगते. माझ्यासाठी बघा."

मी सतरंजी टाकली. तिला उताणं निजायला लावलं आणि तिचे पाय गुडघ्यात वाकवून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या. भेगाळलेल्या टाचा, उसाच्या पात्यानं कापलेले घोटे. संकोचानं ती पाय मागं ओढायला लागली, "ईनबाई, माझ्या पायाला नगा हात लावू." मी तिचे घोटे धरून परत खुर्चीवर ठेवले. डोक्याखाली घडी करून चादर दिली. "आता काही करायचं नाही. कंबर जमिनीला टेकू द्या. श्वास सोडा."

"एवढंच?"

"एवढंच."

ती छताकडं बघत पडली. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली गेले, मग हाताची मूठ सुटली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि बोलता बोलताच तिचा डोळा लागला. भर दुपारी, अनोळखी घरात, पाय खुर्चीवर टाकून ती गाढ झोपली. सून दारात उभी राहून आईकडं बघत होती. मी तिला हातानं खूण केली, की ये, बस. बाळ उठलं तर मी घेते.

ह्यांनी पंखा तिच्याकडं वळवला आणि पाऊल न वाजवता बाहेर गेले. आम्ही चहासुद्धा केला नाही, भांड्यांचा आवाज होईल म्हणून.